पलीकडच्या खिडकीचं ऊन

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंच्या टेबलाखाली माझी हयात गेली. आता अडगळीच्या खोलीत, रंगाचे रिकामे डबे आणि एक मोडका पंखा यांच्या सोबतीनं पडून आहे. दमलोय. तरी सांगतो, कारण उद्या भंगारवाला येणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारखी भावंडं रांगेनं बाहेर पडत होती, सगळी एका चेहऱ्याची. कुणी दुकानात गेला, कुणी शाळेत पोरांचे धपाटे खायला गेला. माझ्या नशिबी घरं आली. बाईंनी मला खोक्यातून काढलं तेव्हा आधी हात धुतले होते, हे मी विसरलेलो नाही. माझं कौतुक तरी किती! येईल त्याला बाई सांगायच्या, "आमचा हा कामाला वाघ आहे." त्या एकेक भिंत ओढायच्या, दारं-खिडक्या बसवायच्या आणि शेवटी एक बटण दाबायच्या, की मी भिंतींवर अलगद छप्पर चढवून देत असे. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाचा आ व्हायचा.

पण वाघाचं मांजर व्हायला वेळ लागत नाही. माझा पंखा घरघरायला लागला. आतली धूळ कुणी काढेना. बाई बटण दाबून चहा करायला जायच्या आणि चहा पिऊन आल्या तरी मी अर्ध्यावरच असायचो. "चल की रे बाबा," म्हणून एक टपली मिळायची. अशा त्या उतारवयात धाकटीचं घर माझ्याकडं आलं.

धाकटी म्हणजे शिवणकाम करून घराला हातभार लावणारी एक सून. तिला एक थोरली जाऊ होती. घराच्या वाटण्या झाल्या, थोरली जुन्या घरात राहिली आणि धाकटीला शेजारच्या मोकळ्या जागेत नवं घर बांधायचं होतं. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, कधीपासून बोलणंही बंद. त्यातच थोरलीचे पाय अधू झाले होते. दिवसभर ती खिडकीशी पलंगावर बसलेली असे. सकाळी त्या खिडकीतून पायांवर ऊन येई, तेवढाच तिचा विरंगुळा.

धाकटी पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, बाकीच्या भिंती हव्या तेवढ्या उंच करा. पण तिच्या खिडकीकडची भिंत बुटकी ठेवा."

"जावेशी बोलत नाही म्हणालात ना?"

"नाहीच बोलत. घर वाटून झालं, अंगण वाटून झालं. तिच्या वाटणीचं ऊन मला नको."

मग तिनं जरा लाजत आपलीही एक मागणी सांगितली. वर एक छोटा माळा हवा होता, शिवणयंत्रापुरता. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिवत आली होती आणि लोकांच्या कापडांना फोडणीचा वास लागायचा.

बाईंनी तिच्या घराशेजारी थोरलीचं घरही काढलं, नुसतं एक खोकं आणि त्याला ती एक खिडकी. इथवर सगळं सोपं होतं. खरी फजिती छपरापाशी झाली. मित्रांनो, नकाशाचा प्रोग्राम हा मोठा सरळमार्गी प्राणी. सगळ्या भिंती एका उंचीच्या असल्या की खूश. एक भिंत बुटकी म्हटल्यावर त्याची मतीच गुंग झाली. छप्पर तीन भिंतींवर टेकलं आणि चौथीवर अधांतरी राहिलं. बाईंनी सगळं छप्पर खाली ओढलं, तर उंच भिंतींची डोकी कौलांतून वर आली. एकीकडं झाकावं तर दुसरीकडं उघडं. बाईंनी पुन्हा पुन्हा मोडलं, पुन्हा पुन्हा केलं. माझा पंखा रडकुंडीला आला आणि बाईही.

बाहेरच्या बाकावर मिस्त्री येऊन बसले होते. नकाशा घेऊन त्यांना पायाची आखणी करायची होती. दर थोड्या वेळानं ते खोकत. शेवटी बाईंनी कंटाळून 'भिंती छपराला टेकवा' हे बटण दाबलं.

मी पडलो हुकमाचा ताबेदार. टेकवल्या. छप्पर जागचं हललं नाही, बुटकी भिंतच गुपचूप वाढून त्याला जाऊन भिडली. बाईंचे डोळे छपरावर होते. फट गेली एवढंच त्यांना दिसलं. "सुटले बाई एकदाची," म्हणून त्या खुर्चीत मागं रेलल्या. मला कळत होतं. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि विचारतं कोण? तो नकाशा तसाच गेला असता, तर थोरलीच्या पायांवरचं ऊन कायमचं गेलं असतं आणि धाकटीनं ते डूख धरून केलं, असंच ती मरेपर्यंत समजली असती.

जाता जाता धाकटीला दाखवायला म्हणून बाईंनी सकाळच्या उन्हातलं घराचं चित्र मागितलं. तसलं चित्र काढायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं.

"निघू का?" मिस्त्री दारात आले.

"एवढं येऊ द्या, हातासरशी घेऊनच जा."

मी रांगत होतो. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. आधी आभाळ आलं, मग आढं, मग छपराचा उतार. चहा संपला होता, फोन वाजत नव्हता. बाईंना करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या बघत बसल्या. मग भिंत आली. मग जमिनीवरची सावली आली, पसरत पसरत शेजारच्या खोक्यावर चढली. शेवटी खिडकी आली. काळीकुट्ट.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मिस्त्री, बसा. छप्पर नव्यानं करावं लागणार."

"आता आणखी? एका भिंतीनं काय आभाळ कोसळतंय?"

"पलीकडं बसलीय तिच्यावर कोसळेल."

त्या दिवशी बाईंनी बटणाचा नाद सोडला. प्रत्येक भिंतीची उंची वेगळी लिहिली. छपराची एक बाजू आखूड ठेवली, दुसरी लांब करत बुटक्या भिंतीपर्यंत खाली उतरवली आणि बाजूच्या भिंतींची डोकी त्या उताराप्रमाणं तिरपी कापली. सगळं जुळलं. फक्त त्या लांब उतारानं माळ्याची जागा खाल्ली. बाईंनी धाकटीला फोन लावला.

"भिंत बुटकी राहतेय. पण माळा बसत नाही हो."

 पलीकडं शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "शिवेन मी स्वयंपाकघरातच."

घर झालं. एके दिवशी धाकटी फोनमधला फोटो दाखवायला आली. थोरलीच्या खिडकीत ऊन होतं आणि उन्हात दोन सुजलेली पावलं.

"मग? बोलली का?" बाईंनी विचारलं.

"ती कसली बोलतेय! पण आधी मी दिसले की खिडकीचा पडदा ओढून घ्यायची, आता उघडा ठेवते." आणि धाकटीनं डोळे पुसले.

पुढं नवा संगणक आला आणि मी इथं आलो. माझी तक्रार नाही. नवा हुशार आहे, उन्हाचं चित्र तो डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. बाई ते बघतात, न बघतात, तोवर नकाशा पाठवूनही होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा कुरकुरत असेल, तर त्याला टपल्या मारू नका, आतली धूळ तेवढी काढा. माझी वेळ मात्र आता गेली. माझ्यासाठी एवढंच करा. पुढं कधी घर बांधलंत, तर चित्र आल्या आल्या उठू नका. थोडा वेळ नुसते बसा आणि सावली कुठवर जाते ते बघा. पलीकडं कुणीतरी उन्हाची वाट बघत पाय पसरून बसलेलं असतं.