मुक्या सरांची संथा

आमच्या ह्यांचा आवाज म्हणजे वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बोरीवलीच्या शाळेत संस्कृत शिकवलं, माईक कधी लागला नाही. निवृत्तीनंतर तोच आवाज बसायला लागला. तपासलं तर घशात गाठ! साधी निघाली, काढलीही. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस मौन, मग हळूहळू बोला. ते पंधरा दिवस कधीच उलटले, तरी श्यामकांत मास्तर चहासुद्धा पाटीवर लिहून मागायचे. बोला म्हटलं की लिहायचे, 'आणखी थोडे दिवस.' घसा बरा झाला होता, माणूस घाबरला होता. आवाज आलाच नाही तर? भलताच आला तर? घाबरले मीही होते, पण मी बडबड करत घाबरते.

त्यात खालच्या मजल्यावरची तेजल आली. लॉच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी शब्दांनी तिची वाट लावली होती.

"सर, रात्री पाठ करते, सकाळी सगळं साफ!"

ह्यांनी मार्करने पाटीवर लिहिलं, 'पाठ करू नकोस. धातू शीक.' संस्कृतासारखे इंग्रजी शब्दांच्या पोटातही धातू असतात, आणि त्यातले पुष्कळ लॅटिनमधून आलेत, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं संसार केला, पण हे कधी बोलले नाहीत.

शिकवायची पद्धत मात्र जुनीच, संथेची. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. पण गुरूच मुका! मग असं ठरलं, की पाटीवरचं मी मोठ्याने वाचायचं आणि तेजलने ते दोनदा म्हणायचं. भाजी फोडणीला टाकून मी गुरू झाले.

व्हॉक्स म्हणजे आवाज. त्यातून व्होकल. त्यातूनच अ‍ॅडव्होकेट, म्हणजे आपल्या मदतीला बोलावलेला माणूस. तेजल खूश. मग इन्फंट, ज्याला बोलता येत नाही तो.

"म्हणजे सध्या तुम्ही!" मी म्हटलं. हे हसले, पण आवाज न करता.

मग कळलं, की आज्ञा पाळणे या अर्थाच्या ओबे शब्दात मुळात ऐकणं आहे. मी उडालेच. आपणही म्हणतोच की, कार्टं ऐकत नाही! तिकडच्या आयांनाही तोच त्रास असणार. मला नादच लागला. हळदीच्या पुड्यावरचे, लिफ्टमधल्या नोटिशीतले शब्द मी फोडून बघायला लागले. परीक्षा तेजलची, आणि अभ्यास माझा.

एका संध्याकाळी ह्यांनी पाटीवर काही लिहायच्या आतच मी म्हटलं, "व्हेकेशन! तेही व्हॉक्समधलंच. सुट्टी लागली की पोरं नुसती बोंबलतात ना!"

खरं सांगते, मला तसंच वाटलं होतं. तेजलला वाटलं, पाटीवरचंच आहे. तिने सुरू केलं, "व्हेकेशन, व्हॉक्सपासून..."

चुकीची संथा डोळ्यांदेखत शिष्याच्या तोंडी चालली होती. ह्यांनी मार्कर चाचपला, तो सोफ्याखाली घरंगळला. हात हलवून बघितले. तेजल डोळे मिटून म्हणतच होती.

"नाही!"

फरशीवरून पत्र्याचा डबा ओढावा तसा आवाज. तेजल गप्प झाली. मीही, आयुष्यात पहिल्यांदा.

"व्हाकारे," ते म्हणाले. मध्येच आवाज तुटला, तो जुळवून पुढे म्हणाले, "म्हणजे रिकामं असणं. त्यातून व्हेकेशन. आवाजाशी... काही संबंध नाही."

बोलून झाल्यावर त्यांनी घशाला हात लावला. दुसरंच कुणी बोललं असावं तसे माझ्याकडे बघायला लागले.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

अगदी पहिल्यासारखा, असं म्हणता आलं असतं. पण शब्दांच्या बाबतीत या माणसाला खोटं चालत नाही.

"तुमचा वाटत नाही," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "पण बोला हो. होईल मला सवय."