उत्तर बुरुजाचा मानकरी

आन्सेल्म बूर्दे हे एका फ्रेंच गावातले भूगोलाचे निवृत्त मास्तर. गेली एकोणीस वर्षं दर रविवारी ते पाहुण्यांना गावची गढी दाखवत. उत्तर बुरुजापाशी आले की त्यांचा आवाज आपोआप चढे.

"सहाशे वर्षांपूर्वी भिंतीतल्या याच जंग्यांतून, या अरुंद फटींतून, आपल्या वीरांनी इंग्रजांवर बाण सोडले. त्यांत आमचा एक पूर्वजही होता!"

हा पूर्वज चौथ्या वर्षी उपटला होता. एका बाईंनी तोंडावर जांभई दिली, म्हणून मास्तरांनी तो तिथल्या तिथे लढायला उभा केला. पुढे तो त्यांना स्वतःलाच खरा वाटू लागला.

यंदा छपराच्या डागडुजीसाठी परांची बांधली आणि जुन्या इमारतींच्या जाणकार गिस्लेनबाई तपासणीला आल्या. मास्तरांचं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, या जंगीतून बाण मारून दाखवा बरं."

मास्तर ऐटीत जंगीमागच्या कोनाड्यात शिरले. कोपर भिंतीला अडलं, मग पोट अडकलं. बाईंनी हात धरून ओढलं, तेव्हा सुटले.

"तेव्हाची माणसं बारीक असायची," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"असतील. पण तेव्हा यंत्रावर पाडलेल्या विटा नव्हत्या. आतली भिंत त्यांचीच आहे. वर या, दाखवते."

वर पन्हळीमागच्या दगडावर कोरलं होतं: 'फिर्मां बूर्दे, गवंडी, १८७४.'

फिर्मां म्हणजे मास्तरांचे सख्खे पणजोबा. गिस्लेनबाईंनी उलगडा केला: त्या काळी टोप्यांच्या एका कारखानदाराने गढी विकत घेतली होती. एका बुरुजाची गढी त्याला बोडकी वाटली, म्हणून त्याने जोडीला हा उत्तरेचा दुसरा बुरूज फिर्मांकडून बांधून घेतला. मास्तर परांचीवरून उतरले आणि तडक घरी गेले.

घरी उगेतबाई पावावर लसूण घासत होत्या. नवऱ्याची कहाणी ऐकून त्यांना हसू आवरेना.

"अहो, मग पूर्वज होताच की बुरुजावर! धनुष्याऐवजी हातात थापी होती, एवढंच."

मास्तर आधी फुगून बसले. मग त्यांना कोनाड्यात अडकलेलं आपलंच पोट आठवलं आणि तेही हसू लागले.

त्या रविवारी त्यांनी पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं; जांभईपासून पोटापर्यंत. कुणी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "आणि तो दक्षिण बुरूज? तो तरी जुना ना?"

"आहे, आहे," मास्तर म्हणाले. "गिस्लेनबाई अजून तिकडे गेलेल्या नाहीत."