एमिल कोचची कुऱ्हाड

आमच्या बेसबॉलच्या मैदानावर खेळाडूंच्या बाकामागे एक भिंत आहे. तिच्यावर मी स्वतःच्या हाताने रंगवलंय, ‘कुऱ्हाड चालवा’. अक्षरं वाकडीतिकडी आलीत, पण हायवेवरून जाणाऱ्यालाही वाचता येतात. पोरं खेळायला उतरताना एका सुरात ‘कुऱ्हाड!’ म्हणून ओरडतात, आणि दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. कारण तो शब्द माझा नाही, माझ्या कोचचा, एमिल कुचेरांचा आहे.

एमिल कोच दिवसभर गावात टपाल वाटायचे आणि संध्याकाळी आम्हा पोरांना बॅट फिरवायला शिकवायचे. म्हणजे काय करायचे, तर चेंडूंची बादली रिकामी करून उपडी ठेवायचे आणि तिच्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया चावायचे. मी नवीन गेलो तेव्हा आठवडाभर ते माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, टपाल वाटून दमलेत बिचारे, डुलक्या काढतायत. मग एका संध्याकाळी उठले, टरफलं थुंकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ड्वेन, वरून खाली. बॉलच्या डोक्यात कुऱ्हाड घाल.”

त्या हिवाळ्यात त्यांनी मला त्यांच्या परसात लाकडं फोडायला लावलं. हात गारठून जायचे, पण काम झालं की कुचेराकाकू खसखस भरलेले गरम गोड पाव, कोलाचे, द्यायच्या, भट्टीतून नुकतेच काढलेले. पुढच्या उन्हाळ्यात माझे फटके सरळ कुंपणावर आदळायला लागले. नंतर लग्न झालं, टायरचं दुकान थाटलं, मुलं मोठी झाली. तरी आजही सुख म्हटलं की मला तो उन्हाळाच आठवतो, खोटं कशाला बोलू?

कोच पुढे लेकीकडे लिंकनला राहायला गेले आणि संघ माझ्याकडे आला. मी प्रत्येक पोराला कुऱ्हाड दिली. ज्याला जमेना त्याला आणखी कुऱ्हाड दिली. टी-शर्ट छापून घेतले.

यंदा संघात टेसा आली, एमिल कोचची पणती. मी तर हरखूनच गेलो. पण पोरीचा एक फटका धड बसेना. चेंडू बॅटला लागून मातीत आपटायचा आणि घरंगळत जायचा समोरून चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी. त्याच्या मागच्या गवतापर्यंत एकही पोचला नाही. “आणखी खाली! आणखी जोरात!” मी बाकावरून घसा फोडून ओरडायचो.

शनिवारी सामना हरल्यावर ती माझ्या पिकअपपाशी आली आणि घडी केलेली जर्सी बॉनेटवर ठेवली.

“धुतलेली नाहीये. सॉरी.”

“हे काय गं?”

“मी सोडतेय, कोच.”

“अगं वेडी का काय! तुझ्या पणजोबांचीच शिकवण आहे ही. त्यांनी मला...”

“तेच तर,” ती म्हणाली. “त्यांचं शिकवणं तुम्हाला जमलं, सगळ्यांना जमतं. मी तर त्यांच्या घरातली. मग माझ्यातच खोट आहे ना?”

एमिल कोच गेल्या वर्षीच परत आलेत, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात. मी म्हटलं, “उद्या माझ्याबरोबर त्यांच्याकडे चल. त्यांच्या तोंडून ऐक. मग सोडायचं तर सोड.” ती हो म्हणाली. जर्सी मात्र माझ्याच गाडीत राहिली.

रविवारी दुपारी कोच मागच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासाठी आमचा टी-शर्ट नेला होता. त्यांनी तो हात लांब करून वाचला.

“कुऱ्हाड चालवा? लाकूडतोड्यांचा संघ काढलायस की काय?”

“कोच, तुमचंच वाक्य आहे!”

“माझं? मी कधी म्हटलं?”

म्हातारा विसरायला लागला, असं वाटलं. तेवढ्यात ते टेसाकडे वळले. “पोरी, बॅट आणलीयस ना? फिरव बघू.”

तिने फिरवली. कोच गप्प. पुन्हा फिरवली, तरी गप्पच. नर्सने बिया बंद केल्यात, तरी त्यांचा जबडा चावल्यासारखा हलत होता. मला राहवेना. “कोच, सांगा ना तिला, वरून खाली...”

“गप रे. मला बघू दे.”

किती तरी वेळ ते नुसते बघत होते. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “ही तर मुळातच खाली मारते. हिला आणखी खाली मार म्हणून कुणी सांगितलं?”

टेसाने माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघितलं.

“तुम्हीच मला सांगितलं होतंत, कोच.”

“तुला! अरे, तू दिवसभर बापाच्या शेतात गवताचे भारे ट्रेलरवर फेकायचास. बॅटही तशीच फिरवायचास, खालून वर, आभाळाकडे. म्हणून तुला म्हटलं. तुझं औषध सगळ्या गावाला पाजलंस होय रे गाढवा?”

“आणि लाकडं? ती सगळी पोरं फोडायची ना?”

“तू एकटा. बाकीच्यांची दुखणी वेगळी होती.” ते हसले. “माझं सरपण फुकटात फुटलं, ते सोड.”

मला एकदम सगळी पोरं डोळ्यांपुढे आली, खाली मान घालून बाकावर परत येणारी. लाज वाटली. आणि खरं सांगू? त्याच वेळी आनंदही झाला. तो आठवडाभर कोच डुलक्या काढत नव्हते. मला बघत होते. माझ्या बापानेही मला इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

“पणजोबा, मग मी काय करू?” टेसाने विचारलं.

“ती उंच पाण्याची टाकी दिसते? गावाचं नाव लिहिलेली? तिला मार. बाकी काही डोक्यात आणू नकोस. ड्वेन, माझ्या खोलीतून मोजे आण.”

मी मोज्यांचे गोळे करून टाकत गेलो. पहिले दोन मातीत गेले. तिसरा उडाला तो थेट आश्रमाच्या छपरावर. आतून नर्स ओरडत आली. टेसा तोंडावर हात ठेवून उभी होती, आणि कोच खुर्चीचा हात बडवत होते. “टाकीच्या दिशेने गेला! बघितलास?”

मग त्यांनी मला बोटाने खुणावलं. “आता तू.”

“अहो कोच, माझी कंबर...”

“फिरव.”

मी बॅट घेतली आणि फिरवली. ते बघत राहिले. पूर्वी बघायचे तसेच.

“अजून भारेच फेकतोयस,” ते म्हणाले. “वरून खाली, ड्वेन.”

मी “हो कोच” म्हटलं आणि उगाच मोजे गोळा करायला लागलो.

परत जाताना टेसाने न विचारता मागच्या सीटवरची जर्सी उचलली आणि मांडीवर घेतली.

मंगळवारी सरावाला पोरं ‘कुऱ्हाड!’ ओरडत आली. मी चेंडूंची बादली रिकामी केली, उपडी ठेवली आणि तिच्यावर बसलो. सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. सगळ्यात पुढे टेसा होती.

“कोच, बरं नाहीये का?” मागून कुणीतरी विचारलं. “आम्ही काय करायचं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “तुम्ही मारा. मला बघू दे.”