पाव तास जास्तीचा

अकोल्यात झिराडकरांचं एकच ज्यू घर. त्यामुळे दारफाळणीच्या सणाचा उपास, म्हणजे वर्षातला सगळ्यात कडक, पाण्याचा थेंबही न घेता केलेला, नेमका कधी सोडायचा हे विचारायला शेजारीपाजारी कुणी नाही. मुंबईच्या सिनेगॉगमधून कॅलेंडर येतं. त्यावर छापलेली वेळ झाली की पहिला घास.

यंदा उपासाच्या दुसऱ्याच दिवशी शुलामिथची अमरावतीला विभागीय शंभर मीटर होती. पहिली येईल तीच राज्याला जाणार. पोरगी पळते झकास, पण उतावळी. गेल्या वर्षी पिस्तूल वाजायच्या आधीच सुटली आणि बाद झाली. "या वर्षी राहू दे उपास," असं आईनं, रिबेकानं, म्हणून पाहिलं. ऐकतेय कोण!

संध्याकाळी कोच निखत मॅडम खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या.

"अंधार पडला, तारे निंगाले. अजून कावून उपाशी बसून राहिली ही?"

"कॅलेंडरात अजून पंधरा मिनिटं आहेत ना, मॅडम," रिबेका म्हणाली.

निखतनं कॅलेंडर उलटसुलट पाहिलं. "हे मुंबईचं हाये? अवो ताई, सूर्य अकोल्यात आधी बुडते! मुंबईच्या टायमावर मी रोजा सोडला असता, तं सासूनं मले येडीच म्हटलं असतं."

रिबेकानं कपाळाला हात लावला. सासऱ्यांपासून तीन पिढ्या, दर वर्षी पाव तास फुकटचा उपास! देवालाही त्याचं काय करावं ते कळलं नसेल.

"घे बेटा, पाणी घे," निखत म्हणाली.

शुलामिथचे ओठ सुकले होते, पण ती हलली नाही. "आजोबा याच वेळेला सोडायचे. मी थांबते."

निखतनं बाटलीचं झाकण परत लावलं. "थांबता येते तं तुले! मंग उद्या बी थांब. दोन सेकंद फक्त."

दुसऱ्या दिवशी 'सेट' ऐकताच शेजारच्या लेनमधली चांदूर रेल्वे गावची पोरगी पिस्तुलाच्या आधीच सुटली. तिच्यामागे आणखी एक फसली. शुलामिथची बोटं रेषेमागे होती तिथेच. रिबेका दोरीमागून टाचा उंचावून बघत होती.

दोघी बाद झाल्या, पुन्हा रांग लागली. पिस्तूल वाजलं. मगच शुलामिथ सुटली, आणि नंतर कुणाच्या हाती लागलीच नाही.

"कोन्या समाजाची हो तुमची पोरगी?" दोरीपाशी शेजारी उभ्या असलेल्या बाईनं रिबेकाला विचारलं. "आडनाव नवीनच वाटून राह्यलं."

एरवी रिबेका ज्यू म्हणजे कोण, हे अगदी पहिल्यापासून समजावून सांगते. आज म्हणाली, "पहिली आली ना, ती!" आणि पदर खोचून दोरीखालून मैदानात घुसली.