रोक्काव्हेंताची शेवटची कढई

काळी म्हणा, भोकाभोकांची म्हणा, मी कढई बोलतेय. हातोडा दिसला की अजून छातीत धस्स होतं, पण बोलणार.

इटलीच्या डोंगरात कड्याला चिकटलेली मूठभर घरं, तेच माझं रोक्काव्हेंता. तिथे गहू पिकत नसे. चेस्टनट भाजून खायचे, त्याच्याच पिठाची भाकरी करायची. एकदा जमीनदाराची माणसं चेस्टनटची झाडं तोडायला आली, तर बायका कढया बडवत खोडांना पाठ लावून उभ्या राहिल्या. हलल्याच नाहीत. माणसंच परत गेली. असं हट्टी गाव!

तिथे घर कायमचं बंद झालं, की त्या घरची कढई दारावर टांगत. पोटासाठी लोक परदेशी गेले, दारामागून दार काळं झालं. माझ्या मालकिणीने, छोट्या पिएत्रोच्या आईने, मात्र मला टांगलं नाही. "आमचं घर मेलेलं नाही," म्हणत तिने मला एडिनबराला आणलं. पुढे पिएत्रोने कॅफे काढला. थंडीत दारात मी चेस्टनट भाजायचे.

२००६ मध्ये थकलेल्या पिएत्रोने कॅफे पुण्याच्या उदय-श्रद्धाला विकला. माझ्यासकट.

उदयने लगेच भिंतीत खिळा ठोकला. "हिला इथे लावू. एकदम रस्टिक लुक!"

"अरे, पिएत्रोंना विचार तरी."

"दुकान आता आपलं आहे ना?"

दुपारी पिएत्रो कॉफीला आला. मला भिंतीवर टांगलेली पाहून त्याने टोपी काढली, मयताच्या घरी काढावी तशी, आणि तसाच वळला. श्रद्धा मागे धावली. फुटपाथवर त्याने तिला ती रीत सांगितली. "बाकी सगळ्या दारांवर लटकतायत," तो म्हणाला. "ही शेवटची होती."

त्याला हाताला धरून ती परत आली, स्टुलावर चढली आणि मला उतरवलं.

"अगं, एवढा खिळा ठोकला मी!"

"त्यावर तुझं जॅकेट टांग."

तिने चेस्टनट आणले, माझ्यात ओतले, गॅस पेटवला. थोड्या वेळाने फट्! फटाफट्! श्रद्धा किंचाळून काउंटरखाली बसली.

"आधी चीर द्यायची असते, पोरी!" पिएत्रो डोळे पुसत हसला.

"रस्टिक कसलं, दिवाळीच आली!" उदय टेबलामागून ओरडला.

आता पिएत्रो नाही. गावातही कुणी उरलं नाही म्हणतात. म्हणू देत! दर थंडीत मी या दारात विस्तवावर बसते. कुणी मला काचेच्या कपाटासाठी मागतं, कुणी घासून चकचकीत करायला बघतं. खबरदार! माझ्याकडे यायचं तर भूक घेऊन या. हात पुढे करा. चटका बसेल, तरी खा.