माझ्या तळाचा कुजका पत्रा

मित्रांनो, वेंगुर्ल्याला लवू मेस्त्रीच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली पडलेली शर्यतीची जुनी मोटार म्हणजे मी. माझा जन्म १९८७ सालचा. आधी मी एका डॉक्टरांना गावोगावी रोग्यांकडे नेत असे. ते थकले, तेव्हा शर्यतींचा नाद असलेल्या दत्तप्रसादने मला घेतले. लवूने माझी मागची सीट काढली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला आणि मी शर्यतींत धावू लागले.

तळेऱ्याजवळ जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर, म्हणजे पठारावर, हौशी लोकांचा एक क्लब वर्षातून दोनदा शर्यत भरवतो. तिथे जुन्या गाड्यांचा वेगळा गट आहे. गाडी १९९० पूर्वीची हवी, इंजिन कारखान्यातून आले तेच हवे आणि सांगाडाही तळासकट मूळचाच हवा. नाहीतर नव्या गाड्यांबरोबर धावा! तिथे माझा काय पाड लागणार? पण माझ्या गटात मी चार वेळा पहिली आले. लोक टाळ्या वाजवत, माझ्याबरोबर फोटो काढून घेत.

पुढे दत्तप्रसादचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ सिद्धेश मला चालवू लागला. एरवी तो देवबागला पर्यटकांच्या होड्या चालवायचा. अवघड वळण आले की मला म्हणायचा, "सांभाळ गो बाय!" मी सांभाळायची.

पण खारा वारा मला आतून खात होता. गेल्या वर्षी शर्यतीच्या आठ दिवस आधी लवूने मला जॅकवर चढवले आणि चालकाच्या सीटखालचा पत्रा पेचकसाने टोचून पाहिला. पेचकस आरपार गेला. सीटच्या पट्ट्याचा बोल्ट नेमका त्याच पत्र्यात आवळलेला होता.

"दत्तू, ह्यो पत्रो कुजलो. गाडी उलाटली तर पट्टो धरूचो नाय. तळ बदलूक होयो."

"तळ बदललो तर माका गटातसून भायर काढतले."

"मगे ह्या खेपेक गाडी न्हेव नको."

दुसऱ्या दिवशी दत्तप्रसादने स्वतःच भोकात पुट्टी भरली आणि वरून काळा रंग मारला. लवूने पाहिले, मान फिरवली आणि दुसऱ्या गाडीचे काम करत राहिला. सिद्धेशला कोणीच काही सांगितले नाही. मला तर वाचाच नाही.

शर्यतीआधीच्या तपासणीला क्लबच्या बाईंनी सांगाड्यावरचा नंबर वहीशी ताडून पाहिला, चाकांची रुंदी मोजली. वाकून माझ्याखाली बॅटरी मारली.

"तळाला काही काम केलंय का?"

"नाही मॅडम. सगळं मूळचंच आहे," दत्तप्रसाद म्हणाला. बाईंनी सही केली.

तिसऱ्या फेरीत माझे पुढचे चाक खडकावर चढले आणि मी दोनदा उलटले. पिंजरा टिकला, एक नळीसुद्धा वाकली नाही. पण पुट्टीतला बोल्ट उपटून आला आणि सिद्धेश सीटवरून फेकला गेला. इस्पितळात नेताना वाटेतच त्याचा श्वास थांबला.

चौकशीत क्लबने नियमांचे पुस्तक उघडले. त्यात लिहिले होते, 'गंजलेला भाग सुरक्षेसाठी बदलता येईल, मात्र आधी लेखी कळवावे.' दत्तप्रसादने ती ओळ कधी वाचलीच नव्हती.

सिद्धेशचे बारावे झाल्यावर दोघा भावांची आई, मासे विकणारी तुळसाकाकी, गॅरेजात आली.

"लवू, पत्रो कुजल्याचा तुका ठावक होता?"

"होय गे काकी."

"मगे माज्या झिलाक, सिद्धेशाक, कित्याक सांगलंस नाय?"

काकी माझ्याजवळ आली. फाटलेल्या तळावरून तिने हात फिरवला, हाताला लागलेला गंज पदराला पुसला आणि निघून गेली.

क्लबच्या यादीतून माझे नाव गेले. आता भंगारवाल्याची वाट पाहायची. मित्रांनो, मला चकचकीत पुसणारे हात पुष्कळ होते. पण जपणे म्हणजे नुसते पुसणे नव्हे. कुठे काही कुजलेले तुम्हाला दिसले, तर त्यावर ज्याचा जीव अवलंबून आहे, त्याला आधी सांगा. घरचे रागावतील, शर्यत बुडेल. बुडू दे.