छातीच्या उंचीवर

बाप बुटका आणि लेक ताडमाड. हिची उंची कुणावर गेली, हा नातेवाइकांचा आवडता विषय. रस्त्याकडेची झाडं मोजायचं बापाचं काम मात्र तिने घेतलं होतं. दर तीन वर्षांनी छातीच्या उंचीवर खोडाला फीत गुंडाळायची आणि घेर वहीत लिहायचा. तीन वर्षांत घेर वाढला नाही, तर झाड तोडायच्या यादीत जायचं. नियम म्हणजे नियम.

तिची ही पहिलीच मोजणी. सिग्नलजवळच्या झाडापाशी ती अडखळली. एकसष्ट सेंटीमीटर. वहीत बाबांच्या अक्षरातही एकसष्टच. गाड्या तिथे दिवसभर धूर ओकत थांबायच्या; एक पान पुसलं तर रुमाल काळा झाला. ते झाड बाबांनी स्वतःच्या हाताने लावलेलं. यादी उद्या द्यायची होती, आणि तिचा पाय घराकडे वळेना.

जेवताना तिने सांगून टाकलं. "बाबा, तुमचं झाड यादीत जातंय. घेर जिथल्या तिथे आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "मोजलंस कुठे?"

"छातीशी. तुम्हीच तर शिकवलंत."

"कुणाच्या छातीशी?"

तिची छाती बाबांच्या हनुवटीशी यायची. वर खोड बारीक होत जातं, हे तिला शेंबड्या वयापासून ठाऊक होतं. "मग मागच्या गल्लीतली झाडं कशी वाढलेली दिसली?"

"तिथे धूर नाही. ती इतकी फोफावतात की तुझी चूक त्यात खपून गेली."

सकाळी दोघं सिग्नलवर गेले. पाठीला पोक आलेले बाबा खोडाला टेकून उभे राहिले.

"ताठ, बाबा. वाकलात तर घेर उगाच जास्त येईल."

"माझ्या झाडाला लबाडीची गरज नाही," म्हणत त्यांनी दात-ओठ खाऊन पाठ सरळ केली. तिने त्यांच्या छातीशी खडूची खूण केली, त्यांना बाजूला घेतलं आणि फीत गुंडाळली.

चौसष्ट. तिने पुन्हा मोजलं. चौसष्टच. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. वहीत लिहिलं, 'धुरामुळे वाढ मंद. झाड जिवंत. तोडू नये.' मग खडूच्या खुणेवर रंगाची रेघ ओढली, म्हणजे पुढच्या मोजणाऱ्याची उंची आड येणार नाही.

बाबा बाजूला अजून ताठच उभे होते.

"झालं, बाबा. आता सैल सोडा."

"राहू दे गं थोडा वेळ," ते म्हणाले. "जमतंय अजून."